तिच्या तोंडाकडं बघून

ज्वारी दळायला टाकून मी गिरणीच्या बाकड्यावर बसलो होतो. गिरणी चालू असली की तिथं कुणाचं काही ऐकू येत नाही, आणि माझे कान तर चादरीच्या कारखान्यानं कधीच खाऊन टाकलेत. रस्त्याच्या पलीकडं आमची शेजारीण सुनीता येऊन उभी राहिली. मधून रिक्षा जात होत्या म्हणून तिला ओलांडता येईना. तिनं मला बघितलं आणि तिथूनच बोलली. ओठ हलले. काकू गेल्या. एवढंच. गिरणीतल्या लोकांना ती अलीकडं आल्यावर कळलं, मला आधीच कळलं होतं. मी उठलो आणि निघालो. पीठ तिथंच राहिलं, दोन-तीन दिवसांनी गिरणीवाला स्वतः घरी आणून ठेवून गेला. चांगला माणूस.

महानंदा, माझी बायको. तिला जाऊन आता महिना उलटला. आमची मुलगी संगीता म्हणाली, अण्णा, पेपरच्या पुरवणीत लोक आपापल्या माणसाबद्दल लिहितात, तुम्ही आईबद्दल लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. पण महानंदाबद्दल दुसऱ्यानं लिहिलं तर तो ती लई थोर होती, देवमाणूस होती असं लिहील, आणि ते खोटं होईल. ती तापट होती, हट्टी होती, पाहुण्यांसमोर मला टाकून बोलायची. आणि लहान पोरांना वाचायला शिकवण्यात तिच्यासारखी बाई मी बघितली नाही. हे दोन्ही खरं आहे, म्हणून मीच लिहितो.

तिचं माहेर दुधनीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कानडी, शाळा कानडी, सातवीपर्यंत. लग्न होऊन सोलापुरात आमच्या साखर पेठेच्या मागच्या गल्लीत आली तेव्हा मराठी मोडकंतोडकं बोलायची, पण वाचायला एक अक्षर येत नव्हतं. आमच्याही घरात कानडी होतीच, पण आम्ही मराठी शाळेतले. ती दुकानाच्या पाट्या बघायची, किराण्याच्या पुडीचा कागद सरळ करून बघायची आणि मला विचारायची, "एन्री, ह्याचा आवाज काय?" एन्री म्हणजे अहो. मी म्हणायचो, हा क, कमळाचा. ती म्हणायची, "कमळ ऱ्हाऊ दे तिकडं. आवाज सांगा नुसता." मला हे असलं कुणी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या मास्तरांनी क म्हणजे कमळ असं डोक्यात घातलं ते घातलं. ती भाकरीच्या परातीत पिठावर बोटानं माझा क काढायची आणि शेजारी तिचा कानडी क काढायची, मग दोन्हीकडं बघून हसायची. "आवाज आमच्याच गावचा हाय की. कपडे तेवढे सोलापूरचे घातलेत." असं करत दिवाळीच्या आत ती पेपर वाचायला लागली. सावकाश, पण वाचायला लागली.

आता कारखान्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये एवढा खडखडाट असतो की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून आम्ही कामगार ओरडत नाही. तोंडानं बोलतो, आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून. समोरचा ओठ बघतो आणि उत्तर देतो. आठ मागांच्या पलीकडच्या माणसाशीही गप्पा होतात. नवी नवरी असताना महानंदा एकदा माझा डबा घेऊन शेडच्या दारात आली आणि तिथंच उभी राहिली. मी बाहेर आल्यावर म्हणाली, "ते दोघं मघापासून तोंड हलवायल्यात. काय खायल्यात?" मी म्हटलं, खात नाहीत, बोलतायत. त्याच्या मेव्हण्याचं लग्न मोडलंय, ते सांगतोय. तिला खरंच वाटेना. घरी गेल्यावर तिनं मला परीक्षेला बसवलं. चुलीजवळून आवाज न काढता काहीतरी बोलली. मी म्हटलं, मीठ बरोबर आहे, तिखट कमी पडलंय. ती माझ्याकडं बघतच राहिली.

त्या वेळी सासूसमोर नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. दोन खोल्या, त्यात आई सदा बसलेली. मग आम्हाला ही कारखान्याची भाषा सापडली. आई माळ ओढत बसायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून बोलायचो. महानंदा भाजी निवडत निवडत सगळं सांगायची, शेजारणीचं, माहेरचं, आईनं दिवसभर काय काय टोचून बोललं त्याचं. आई गल्लीत सांगायची, माझी सून माझ्या लेकाशी एक शब्द बोलत नाही, दोघांचं बिनसलंय. शेवटी तिनं आम्हा दोघांना अक्कलकोटला नेलं, स्वामींसमोर उभं केलं आणि मागितलं, ह्यांचं बोलणं होऊ दे. एसटीत आई मधल्या सीटवर डुलक्या घेत होती आणि आम्ही जाता-येता दोन्ही वेळेला तिच्या दोन बाजूंनी बोलत होतो. महानंदा इतकी हसली की आई जागी झाली. म्हणाली, बघ, पावले.

संगीता पहिलीत गेली आणि घरी येऊन वाचून दाखवायला लागली. फळ्यावर बाईंनी कप लिहिलं होतं. संगीतानं वाचलं, कमळ पतंग. महानंदानं पुन्हा वाचायला लावलं. कमळ पतंग. मी हसलो, तर महानंदा माझ्यावर डाफरली. "हसता काय? पोरीचं काय चुकलं? तिला आवाज दिलाच नाय कुणी, कमळच दिलंय." मग तिनं संगीताला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून, आणि कानडीत म्हणाली, "बायी नोड." तोंड बघ. तिथून तिची शाळा सुरू झाली असं म्हणायचं.

तिची रीत अशी. आधी आवाज, अक्षर नंतर. पोरानं तिच्या तोंडाकडं बघायचं. ओठ मिटले का, जीभ कुठं लागली, दात दिसतात का. मग तसंच आपलं तोंड करायचं. प म्हणताना ओठ मिटून उघडतात, त म्हणताना जीभ दाताला लागते, हे पोराला आधी आपल्या तोंडात सापडायचं, मग ती पाटीवर अक्षर काढून म्हणायची, "हे त्याचं चित्र." ख आणि क मधला फरक आमच्याकडच्या पोरांना लवकर कळत नाही, बोलताना आम्ही सगळेच जोर सोडून देतो. त्यासाठी तिनं एक युक्ती काढली होती. मी कारखान्यातून यायचो तेव्हा माझ्या केसांवर, मिशीवर सुताचा कापूस बसलेला असायचा. ती माझ्या मिशीवरून एक पुंजका उचलायची आणि पोराच्या तळहातावर ठेवायची. तळहात तोंडासमोर. क म्हटलं तर कापूस जागेवर, ख म्हटलं तर उडाला. पोरं ख, फ, थ म्हणून कापूस उडवत घरभर पळायची. मला दाराशीच थांबवून तिनं मिशी झाडायची, हे गल्लीनं कित्येक वर्षं बघितलंय. लोक हसायचे. हसू देत.

दोन आवाज जोडायचं ती मागावरूनच उचलून शिकवायची. आमची गल्ली अर्धी तेलुगू विणकरांची, घरोघरी सूत. धागा तुटला की कामगार काय करतो, ते पोरांना जन्मापासून ठाऊक. ती म्हणायची, "एक टोक धरून ठेव, सोडायचं न्हाय. दुसरं हातात आलं की मग पिळ." साप वाचायचा तर स सोडायचा नाही, सऽऽऽ करत राहायचं, त्यातच आ पकडायचा, मग ओठ मिटून प. पोरं सऽऽऽ करत बसायची, श्वास संपून लाल व्हायची आणि मग एकदम साप बाहेर पडायचा. पोराला स्वतःलाच धक्का बसायचा, की हे आपण वाचलं. तो चेहरा बघायला ती शिकवायची, असं मला वाटतं. तिनं तसं कधी सांगितलं नाही.

आधी गल्लीतली चार पोरं, मग दहा. ही पोरं घरात तेलुगू बोलणार, शाळेत मराठी, आणि वर्गात मागं बसून सगळ्यांबरोबर ओरडत पाठ करणार. त्यांचं काय होतं ते तिला माहीत होतं, तीही तशीच आली होती या गावात. दुपारी चारला पुढच्या खोलीत शाळा भरायची. नाक वाहत असेल तर परत पाठवायची, "जा, आधी धुऊन ये, मग आवाज काढ." एखादी आई गप्पा मारायला टेकली तर तिच्यापुढं शेंगदाण्याचं सूप सरकवायची, निवड म्हणून. गिरणीसमोर मला ज्या सुनीतानं सांगितलं, ती याच खोलीत सऽऽऽ करत वाचायला शिकली आणि लग्न करून याच गल्लीत राहिली. संगीता पुण्याला गेल्यावर तिच्या लेकराच्या मोबाइलवर एक परदेशी बाई तोंड दाखवून आवाज शिकवते, ते तिनं आईला दाखवलं. म्हणाली, आई, याला फोनिक्स म्हणतात, आमच्याकडं क्लास असतात याचे. महानंदानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. "बाईचे दात चांगले हायत," म्हणाली. मग इंग्रजीतला वरचे दात खालच्या ओठाला लावायचा आवाज ती त्या बाईकडून शिकली. भाकऱ्या थापता थापता ओठ चावत बसायची. तो जमल्यावर पोरांना इंग्रजीही तसंच सुरू केलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होती. बत्ता हातातून सुटला. मी मागं वळून बघितलं तर ती आपल्या हाताकडं बघत होती, दुसऱ्याचा असल्यासारखी... दवाखान्यात सांगितलं अर्धांगवायू, उजवी बाजू. काही आठवड्यांनी काठी धरून चालायला लागली. हातही थोडा वळला. पण वाचा आली नाही. समजायचं सगळं. बोलायला तोंड उघडायची आणि नुसती हवा यायची. तोंड डावीकडं ओढलं गेलेलं.

मला वाटलं होतं, आवाज गेला तर गेला. माझे कान तरी कुठं आहेत? आम्हाला ओठ पुरतात. पण ते ओठच आता निराळे झाले होते. ती काही सांगायची आणि मला एक अक्षर लागायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा असं झालं की ती समोर बसून बोलतेय आणि मी खुळ्यासारखा बघतोय. पाणी हवंय का? मानेनं नाही. उठायचंय का? नाही. चार गोष्टी विचारून झाल्या की ती हात झटकायची आणि भिंतीकडं तोंड करायची. मला दुसरं काही नको होतं. हात बरा नाही झाला तरी चालेल, पाय नाही झाला तरी चालेल, हिनं परत माझ्याशी बोलावं, एवढंच हवं होतं.

दवाखान्यात वाचेचे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. फार गोड पोर. तिनं आरसा दिला, गाल फुगवायला सांगितले, फुंकर मारायला सांगितलं, माझ्या तोंडाकडं बघा आणि प म्हणा, म्हणाली. मी महानंदाकडं बघितलं. तिला कळलं मी का बघतोय ते. तिनं पदर तोंडावर ओढला. घरी आल्यावर आरसा पालथा घातला. दार लावून घ्यायला सांगितलं, हातानं, पोरं येऊ नयेत म्हणून. संगीता पुण्याहून येऊन रडून गेली, मी समजावून झालं, ओरडून झालं. पदर काही निघाला नाही. पाट्या मी माळ्यावर टाकल्या.

सुनीताची मुलगी भाग्या, सहा वर्षांची. आजाराच्या आधी महानंदाचा शेवटचा धडा हिच्याबरोबर झाला होता. एका दुपारी ती मागच्या दारानं आत आली. मला ताता म्हणते, त्यांच्या तेलुगूत आजोबाला ताता. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ महानंदाच्या पुढं जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"अज्जी, फ ऱ्हायलाय."

महानंदानं मान हलवली, जा म्हणून.

"प झाला की. फ ऱ्हायलाय." आणि पोरीनं हात लांब करून पदर बाजूला केला. "तोंड दिसंना तर मी कसं करू?"

मी उठलो, तिला बाहेर न्यावं म्हणून. महानंदानं डावा हात वर केला, थांबा म्हणून. मग ओठ जुळवले. अर्धेच जुळले. एका बाजूनं हवा निघाली. आवाज काही नाही. पण पोरगी तोंडाकडं बघत होती, तिला आवाजाशी काय करायचं होतं? तिनं हुबेहूब तसं तोंड केलं आणि म्हणाली, फ. मोठ्यांदा. महानंदानं बोटानं हवेत अक्षर काढलं. त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. हळूहळू आणखी दोन पोरं आली. महानंदा नुसतं तोंड करायची, आवाज पोरं घालायची. माळ्यावरच्या पाट्या मी खाली काढल्या.

महिनाभर असं चाललं असेल. मग एक दिवस सुनीता भाग्याला दंडाला धरून घेऊन आली. मागोमाग ती दोन पोरं. सुनीता चिडलेली पण होती आणि हसू पण दाबत होती.

"काकू, ही काय करती बघा. वाच गं, वाच."

भाग्यानं वाचलं. फळ, फणस, पप्पा. प्रत्येक वेळी तिचं तोंड उजवीकडं ओढलं जायचं. महानंदाचं डावीकडं जायचं, ही समोर बसणारी, आरशात दिसतं तसं हिनं उजवीकडं घेतलं होतं. सुनीतानं बाकीच्या दोघांना वाचायला लावलं. तिघांचीही तोंडं एकाच बाजूला.

"अगं, सरळ म्हण की. ओठ सरळ ठेव."

"सरळ नसतंय ते," भाग्या म्हणाली. "अज्जी असंच करती. तिला जास्त येतंय का तुला?"

सुनीता स्वतः याच खोलीत तोंड बघून शिकलेली. मी महानंदाकडं बघितलं. मला भीती वाटली, आता पुन्हा पदर. ती तिन्ही पोरांकडं बघत होती, एकेकाकडं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतेय. ती हसत होती. आणि हसण्यात आवाज होता. घोगरा, फाटका, पण आवाज. मला सुद्धा ऐकू आला. सुनीता म्हणाली, काका, काकूंचा आवाज आला. मी म्हटलं, व्हय, आला.

त्याच संध्याकाळी तिनं बोटानं आरसा दाखवला. मी भिंतीवरचा खिळा खाली ठोकला, तिच्या तोंडासमोर येईल असा, आणि आरसा लावला. जे मी सांगून झालं नाही, त्या दवाखान्यातल्या मुलीनं सांगून झालं नाही, पोटच्या पोरीच्या रडण्यानं झालं नाही, ते तीन पोरांनी वाकडी तोंडं केल्यावर झालं. स्वतःसाठी ती काही बसली नव्हती त्या आरशासमोर. पोरं चुकीचं शिकायला लागली होती, ते तिला सहन होईना. गाल फुगवायची, ओठ जुळवायची, डाव्या हाताच्या बोटानं उजवा गाल वर धरून ठेवायची आणि मऽऽऽ करत राहायची. भाग्या दुसऱ्या बाजूला बसून सांगायची, "अज्जी, अजून हिकडं. थोडं हिकडं. हां, बास." एवढंसं पोर, पण दटावायची लकब सगळी हिचीच.

म आला. मग प, ब. आ, ई, ऊ आले. पावसाळा संपेपर्यंत अर्धे अर्धे शब्द यायला लागले. क शेवटपर्यंत आला नाही, ग नाही, र नाही. मला एन्री म्हणायचं तर एनी म्हणायची. मी म्हटलं, चालेल, आता नवीन नाव ठेव माझं. तिनं काठी उगारली.

पण मला ज्याची वाट होती ते दुसरंच. दिवाळीला संगीता आली होती. ती खोलीच्या मधोमध बसून पुण्यातलं काहीतरी सांगत होती. महानंदा पलीकडं खाटेवर, मी अलीकडं दाराशी. महानंदानं माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवले, आवाज न काढता. हिला चहा टाका. साखर कमी घाला, सुटलीय ती. मला सगळं लागलं. एक अक्षर सुटलं नाही. मी उठून चहा टाकायला गेलो. संगीता मागून म्हणाली, अण्णा, तुम्हाला कुणी सांगितलं चहाचं? मी आत स्टोव्हजवळ उभा राहिलो बराच वेळ. चहा उतू गेला.

त्यानंतर थोडे महिने मिळाले. भांडलोसुद्धा त्यात, ओठांनीच. ती म्हणायची मी दाढी नीट करत नाही, मी म्हणायचो तुला बसून बसून दुसरं दिसतंय काय. चांगले महिने होते. मग त्या सकाळी, मी गिरणीत असताना, दुसरा झटका आला आणि सुनीता तिच्यापाशी होती. लगेच गेली म्हणाली, त्रास झाला नाही. सुनीता मला खोटं सांगणार नाही.

आमच्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात, विभूती लावून, तोंडावर कापड न घालता. विधी करणारे जंगम येईपर्यंत आम्ही महानंदाला पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून बसवलं. तीच खोली, तीच भिंत, चार वाजता ती बसायची तिथंच. बायका रडत होत्या, माणसं दारात. त्या सगळ्यांमधून भाग्या आत आली आणि तिच्यासमोर जाऊन बसली. मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून, जशी रोज बसायची. आणि तोंडाकडं बघत राहिली... तिला उठवायला कुणीतरी वाकलं. मी म्हटलं, बसू दे. ती बराच वेळ बसली. मग आपण होऊन उठली आणि आईच्या मागं जाऊन उभी राहिली. त्या दिवशी महानंदाचं तोंड सरळ होतं. दोन्ही बाजू सारख्या. मरणानं तेवढं केलं.

आता भाग्या दुपारी येते. शिकवायला कुणी नाही, तरी येते. पुस्तक घेऊन भिंतीजवळ बसते आणि वाचते. वाचायला तिला आता सगळं येतं, धडा, पेपर, चादरीच्या पुड्यावरची चिठ्ठी, काहीही पुढं टाका. मी दारात खुर्ची टाकून बसतो. मला तिचं वाचणं ऐकू येत नाही, दारातून तर मुळीच नाही. बाकीचे ओठांचे आवाज महानंदानं आरशासमोर बसून सरळ करून घेतले, स्वतःचे आणि पोरांचे. फ तेवढा तिचा कधी सरळ झाला नाही, आणि म्हणून भाग्याचाही झाला नाही. सुनीता परवा म्हणाली, "काका, शाळेत बाई सारख्या म्हणतात हिला, तोंड वाकडं करू नकोस म्हणून. तुम्ही सांगितलं तर ऐकंल ती. सांगा की जरा."

सांगतो म्हटलं.

तिचं बरोबर आहे, सांगायला पाहिजे. पोरगी मोठी होईल, कुणीतरी हसेल. पण दुपारी ती वाचायला बसते, ओठ सरळ चाललेले असतात, आणि मध्येच एकदम तोंड उजवीकडं जातं, तेवढ्यापुरतं. मग पुन्हा सरळ. मला कळतं, फ आला. मी पुढच्या फ ची वाट बघत बसतो. अजून सांगितलेलं नाही.